आपल्या कुटुंबात जनावरे किती?

प्रश्न विचारणं हा आपल्या लोकांचा जन्मसिद्ध हक्क आहे आणि उत्तर न ऐकणं हा दुसरा. रस्त्यात भेटलेला माणूस "काय म्हणता?" असं विचारतो आणि आपण काही म्हणायच्या आत कोपऱ्यावरून वळलेलासुद्धा असतो. "जेवण झालं का?" या प्रश्नाला एकदा "नाही" असं उत्तर देऊन पाहा, विचारणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. मुलगी बघायला आलेली मंडळी तर "स्वयंपाक येतो का?" हे तिच्याच हातच्या पोह्यांची बशी पुसत पुसत विचारतात. सांगायचा मुद्दा, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कोणीतरी मनापासून लिहून घेतं, त्याची बेरीज करतं आणि त्यावर जनावरांचं जगणं-मरणं ठरतं, ही गोष्ट मला फार उशिरा, म्हणजे मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर कळली. कळवली ती आमच्या जनावरांच्या डॉक्टरांनी.

त्यांच्या दारावरच्या पाटीवर "पशुधन विकास अधिकारी" असं आहे. सुशिक्षित लोक त्यांना "व्हेटर्नरी डॉक्टर" म्हणतात, मी "जनावरांचे डॉक्टर" म्हणतो आणि गावोगावचे लोक "ढोरडॉक्टर" म्हणतात. यातल्या पहिल्या नावाने हाक मारणारा माणूस त्यांना अजून भेटायचा आहे. माझी पुढची सगळी कहाणी या एका पाटीत मावण्यासारखी होती. पण ते तेव्हा कोणाच्या लक्षात यायला!

"मास्तर, तुम्ही मराठीचे ना? मग यावर नुसती एकदा नजर फिरवा," असं म्हणून त्यांनी माझ्यापुढे एक चळत ठेवली. एकेचाळीस पानं, एकशे अठरा प्रश्न. कुठल्याशा दूरदेशीच्या विद्यापीठाला जंगलाच्या कडेला राहणाऱ्या लोकांच्या गुराढोरांचे आजार अभ्यासायचे होते. तेच प्रश्न आफ्रिकेतल्या दोन देशांत, तेच नेपाळच्या तराईत आणि तेच आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात विचारायचे. मग उत्तरं शेजारी शेजारी मांडून तुलना करायची. तुलना करायची तर प्रश्न सगळीकडे तोच पाहिजे, हे कोणीही कबूल करील. फक्त "तोच" म्हणजे शब्दाला शब्द तोच, की ऐकणाऱ्याच्या डोक्यात उमटणारा अर्थ तोच, एवढीच बारीक गोष्ट ठरायची राहिली होती.

मराठी भाषांतर एका मोठ्या शहरातून तयार होऊन आलं होतं. शब्दाला इतके पैसे असा दर होता म्हणे. शब्दाला दर लावला की माणूस शब्द मोजून देतो. अर्थाचं वजन करायला काटा लागतो, तो कोणाच्या बिलात नसतो.

पहिलाच प्रश्न होता, "आपल्या कुटुंबात एकूण किती जनावरे आहेत?"

डॉक्टरांनी तो आपल्या दवाखान्यातल्या परिचराला विचारून पाहिला होता. हा गृहस्थ ब्रह्मपुरीकडचा, नोकरीची शेवटची दोन वर्षं उरलेला, आणि अजून जुन्या रिवाजाप्रमाणे "कुटुंब" हा शब्द बायकोपुरताच वापरणारा. तो म्हणाला, "कुटुंब एकच हाय जी. पन तिले जनावर म्हनून लिवाल तं मले आज सांजचा भात भेटनार नाई."

पुढचे प्रश्न असेच एकाहून एक. अँथ्रॅक्स या रोगाला मराठीत काळपुळी म्हणतात, आणि फाशी असंही म्हणतात. भाषांतरकाराने कोशातला छोटा शब्द घेतला. प्रश्न तयार झाला, "गेल्या पाच वर्षांत आपल्या किती जनावरांना फाशी झाली?" गाय माजावर येणं ही गोठ्यातली रोजची भाषा, त्याचं झालं होतं, "आपल्या गाईने शेवटचा माज केव्हा केला?" आणि बैलाच्या अंगात ताप असतो का, याचं "आपला बैल आपल्याला ताप देतो का?" या शेवटच्या प्रश्नाला जिल्ह्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याने बिनदिक्कत "हो" म्हटलं असतं आणि चंद्रपुरात बैलांच्या तापाची मोठी साथ असल्याचं परदेशात छापून आलं असतं.

अशा गोष्टी पकडायला शास्त्रज्ञांनी एक युक्ती काढून ठेवली आहे. १९७० साली रिचर्ड ब्रिस्लिन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तिच्यावर लेख लिहिला आणि तेव्हापासून ती जगभर चालते. मूळ इंग्रजीचं मराठी एकाने करायचं. मग ज्याने मूळ इंग्रजी पाहिलेलंच नाही अशा दुसऱ्याने त्या मराठीचं पुन्हा इंग्रजी करायचं. दोन्ही इंग्रज्या शेजारी ठेवायच्या. जुळल्या तर ठीक, नाही तर कुठेतरी पाणी मुरतंय. नागपूरच्या एका बाईंनी हे उलट भाषांतर इमानेइतबारे केलं. त्यातून "आपल्या पत्नीमध्ये किती जनावरे आहेत" आणि "न्यायालयाने आपली किती जनावरे फासावर दिली" असे प्रश्न परदेशात पोचले. तिकडून अत्यंत सभ्य पत्र आलं, की आपल्या भागात जनावरांवर खटले चालवण्याची प्रथा आहे काय? आता हे विचारणाऱ्यांच्याच युरोपात मध्ययुगात जनावरांवर रीतसर खटले चालत. १३८६ साली फ्रान्समधल्या फालेझ गावी एका डुकरिणीला खरोखरच फाशी दिलेली आहे. पण असली माहिती उत्तरात लिहायची नसते असं डॉक्टर म्हणाले.

कुटुंबाचं "घर" झालं, फाशीची "काळपुळी" झाली, गाईचा माज जागेवर आला. पुन्हा उलट भाषांतर झालं. या वेळी दोन्ही इंग्रज्या जुळ्या बहिणींसारख्या. शिक्का बसला. सगळे खूश झाले. मला मात्र त्या कागदाकडे बघून परतीचं तिकीट काढून निघालेला प्रवासी आठवत होता. गाडी चंद्रपूरला गेली, चंद्रपूरहून परत आली, तिकीट तपासनीस समाधानी आहे. पण हा गृहस्थ चंद्रपूरला फलाटावर उतरला होता का, हे कोणी विचारलंच नाही.

कारण "पशुधन" या शब्दाचं उलट भाषांतर बिनचूक होतं. "अतिसार"चं होतं, "लसीकरण"चं होतं. दोन शिकलेल्या माणसांत हे शब्द चेंडूसारखे इकडून तिकडे जातात आणि तिकडून इकडे येतात. तिसरा, ज्याच्या घरी गाय आहे, तो मधे उभा राहून नुसती मान हलवतो.

आणि आमच्याकडे हा तिसरा माणूस एका भाषेचा नाही. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. जिल्हे वेगळे करणं सोपं असतं, भाषा कुठल्या गॅझेटप्रमाणे वेगळ्या करणार! सिरोंच्याला तेलुगू, भामरागडला माडिया, धानोऱ्याकडे गोंडी, कोरचीला छत्तीसगढी, मुलचेऱ्याकडे पूर्व बंगालातून येऊन वसलेल्या लोकांची बंगाली. आणि उरलेल्या मुलखात आमची झाडीबोली. झाडीबोलीत "ण" आणि "ळ" ही अक्षरं चालत नाहीत. ळ चा र होतो, श चा स होतो. त्यामुळे पुस्तकातली शेळी इथे येईपर्यंत सेरी झालेली असते, सिरोंच्याला गेली की मेका होते आणि बंगाली वस्तीत छागोल. जनावर एकच, ओरडतंही सगळीकडे सारखंच. भाषांतराची गरज फक्त मालकाला.

एकदा तर पाहणीसाठी आलेला पुण्याकडचा एक हुशार मुलगा "गावात गायकी कोण करतं?" हा प्रश्न वाचून फार आनंदला. त्याला वाटलं, इथे गाण्याचं घराणं आहे. इकडे गायकी म्हणजे गाई राखणारा, गुराखी. मुलाने वहीत लिहिलेलं मी वाचलं आहे: "गायकी पिढीजात. रियाज पहाटेपासून, जंगलात."

मग गावोगाव चाचणी सुरू झाली. मी, डॉक्टर आणि प्रश्न विचारायला कॉलेजातली एक चुणचुणीत मुलगी. सुरुवात संमतीपासून. "मी या पाहणीत सहभागी होण्यास माहितीपूर्ण संमती देत असून मी केव्हाही माघार घेऊ शकतो/शकते." मूलच्या पुढच्या एका गावातल्या म्हाताऱ्याने हे शांतपणे ऐकून घेतलं. "केवाबी माघार घेता येते?" "हो बाबा, केव्हाही." "मंग आत्ताच घेतो जी." ज्यांच्या बापजाद्यांनी कागदावर अंगठा उठवल्यानंतर काय काय जातं हे पाहिलं आहे, त्यांना संमतीची माहिती आपल्यापेक्षा जास्त असते.

"जनावरांना लस मिळाली का?" या प्रश्नाला दुसऱ्या एकाने उत्साहाने सांगितलं, "हाव, गंज लस निंगली. मांगच्या पायातून." त्याचं बरोबरच होतं. जखमेतून येते ती लस. डॉक्टर टोचतात ती सुई. "गेल्या बारा महिन्यांत" म्हटलं की माणसं बोटं मोजत बसायची. "पोळ्यापासून" म्हटलं, "मोह वेचायच्या टायमाले", "तेंदूपानाच्या वेळी", "रोवणीत" म्हटलं, की कोणता बैल कोणत्या दिवशी आजारी पडला ते तिथीसकट बाहेर यायचं.

"जनावरांना इंजेक्शन देणे उपयुक्त आहे, या विधानाशी आपण कितपत सहमत आहात?" या प्रश्नाला पाच उत्तरं दिलेली होती: तीव्रपणे सहमत, सहमत, सहमतही नाही व असहमतही नाही, असहमत, तीव्रपणे असहमत. सगळ्या गावाने मिळून एकच उत्तर दिलं, "बरं हाय." आता "बरं हाय" म्हणजे उत्तम, "बरं हाय" म्हणजे चालेल, "बरं हाय" म्हणजे तुम्ही म्हणता तर असेल, आणि "बरं हाय" म्हणजे आता उठा. पाचही खणांत बसेल असं हे उत्तर कुठल्याच खणात बसत नव्हतं.

भामरागडच्या बाजूला एका माडिया म्हाताऱ्याला, तिथल्या तरुण मास्तरांना दुभाषा करून, विचारलं, "तुमची गाय दिवसाला किती लिटर दूध देते?" तो आणि मास्तर बराच वेळ हसले. मग मास्तरांनी सांगितलं, "ते म्हणतात, गाय दूध देते ना, वासराला. आपण तिचे वासरू आहोत का?" माडिया लोकांत जुन्या रीतीने गाय पिळत नाहीत, दूध हा वासराचा हक्क. फॉर्मवर याचं उत्तर "शून्य" असं पडतं. आणि त्या शून्यावरून सात समुद्रापलीकडे कोणीतरी अनुमान काढणार, की इथल्या गाई निकृष्ट आहेत, त्यांना पेंड द्या. एवढी मोठी नीती एका भोपळ्यात जाऊन बसते.

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग धानोऱ्याच्या वाटेवरचं एक गाव आलं.

तिथल्या एका म्हातारीने एकशे अठरा प्रश्नांना न कंटाळता उत्तरं दिली. अतिसार? नाही. श्वसनमार्गाचे विकार? नाही. मुखदाह? नाही. मुलीने शेवटी "रोग: निरंक" असं लिहून वही मिटली. निरंक हा सरकारी शब्द मला फार आवडतो. त्याच्यात जग कसं स्वच्छ धुतल्यासारखं दिसतं. म्हातारीने वहीकडे पाहिलं आणि विचारलं, "मंग माज्या सेऱ्यायचं कुटं लिवलं?"

"कोणत्या शेळ्या, आजी?"

"नऊ होत्या. नाकातून पानी गेलं, तोंडात फोड आले, मंग हागवन लागली. आठ दिसात सात मेल्या."

"आजी, मी विचारलं होतं ना, अतिसार झाला का म्हणून?"

"तू अतिसार म्हनली, पोरी. माज्या सेऱ्या हागून मेल्या."

कोणी हसलं नाही. डॉक्टर उठून गोठ्याकडे गेले. परत आल्यावर हळूच म्हणाले, "लक्षणं बुळकांडीची वाटतात. शेळ्यांची. एका इंजेक्शनचं काम होतं हो. पुढं तीन वर्षं बघायला नको." सात शेळ्या म्हणजे त्या घरची बँक. लग्नाला एक, दवाखान्याला एक, शाळेच्या पुस्तकांना एक. ती बँक बुडाली होती, आणि आमच्या शिक्का बसलेल्या, उलटून पालटून तपासलेल्या कागदावर तिथे निरंक होतं.

परतीच्या वाटेवर डॉक्टरांनी मला बुळकांडीची गोष्ट सांगितली. गाई-म्हशींची बुळकांडी हा असा रोग, की गावात शिरला तर गोठेच्या गोठे रिकामे करून जायचा. आपल्या देशाने १९५४ साली तिच्याविरुद्ध मोहीम सुरू केली. २००६ मध्ये भारत बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ मध्ये ती जगातूनच गेली. देवीच्या रोगानंतर माणसाने पृथ्वीवरून पुसून टाकलेला हा दुसरा रोग. लस तर उत्तम होतीच. पण शेवटी शेवटी आफ्रिकेतल्या ओसाड मुलखात रोग कुठे दडून बसला आहे ते सापडेना. तेव्हा शहाण्या डॉक्टरांनी छापील फॉर्म बाजूला ठेवले आणि गुराख्यांजवळ बसकण मारली. तुम्ही या आजाराला काय म्हणता, तो कसा दिसतो, शेवटचा कधी पाहिला, असं त्यांच्याच शब्दांत विचारलं. गुराख्यांकडे प्रत्येक रोगाला नाव होतं आणि प्रत्येक साथीची आठवण होती. आता तिची चुलत बहीण, ही शेळ्या-मेंढ्यांची बुळकांडी, २०३० पर्यंत जगातून घालवायची असं ठरलेलं आहे. "जगातून घालवायची," डॉक्टर म्हणाले, "आणि आपल्या कागदावर ती आलेलीच नाही!"

लम्पीचंच बघा. गडचिरोली जिल्ह्यात ती २०२० मध्येच दिसली, राज्यभर गाजली २०२२ मध्ये. आज कुठल्याही गावात "लम्पी" म्हणा, पोर सुद्धा गाठी दाखवतं. या शब्दाचं कोणी शुद्ध मराठी भाषांतर करायच्या आत तो गावात पोचला, हे आपलं नशीब.

मग आम्ही कागद पुन्हा लिहायला बसलो. पण या वेळी टेबलाशी नाही, पारावर. परिचर, म्हातारी, दोन गायकी, शाळेचे मास्तर आणि मी. पशुधनाची ढोरं झाली, गर्भपाताऐवजी "गाय गाभडली का?" आलं, लाळ्या-खुरकुताला तोंडखुरी-पायखुरी, फऱ्याला एकटांग्या आणि अतिसाराला हागवण. प्रत्येक गटाची भाषा वेगळी म्हणून प्रत्येक ठिकाणी पार वेगळा. शहरातल्या भाषांतरकाराने एका शब्दाखाली लाल रेघ ओढून समासात लिहून पाठवलं, "असभ्य." डॉक्टरांनी उत्तर लिहिलं, "शेळीला सभ्यपणे मरता येत नाही." तेवढं एक वाक्य मात्र मला उलट भाषांतरातही तसंच्या तसं परत आलेलं दिसलं.

"कितपत सहमत"ची जागा चिंचोक्यांनी घेतली. जमिनीवर रोगांची चित्रं काढायची, माणसाच्या हातात वीस चिंचोके द्यायचे, आणि ज्या आजाराने जास्त नुकसान तिथे जास्त टाका म्हणायचं. ताडोब्याच्या कडेच्या एका गावात गायकी म्हाताऱ्याने अठरा चिंचोके भराभर वाटले आणि दोन मुठीत ठेवले.

"हे कायले ठेवले, बाबा?"

"वाघाचे जी. त्याचं चित्र नाई काढलं तुमी."

खरंच नव्हतं. मूळ कागदावर हिंस्र प्राण्यांच्या यादीत सिंह होता, तरस होतं, वाघ नव्हता. आफ्रिकेत वाघ नाही, म्हणून चंद्रपुरातही नाही! वाघाला शेवटी "इतर (नमूद करा)" या ओळीवर बसावं लागलं. चंद्रपूरच्या वाघाला इतर म्हणण्याची हिंमत आजवर कोणी केली नसेल.

मला आता त्या "इतर"चं फार महत्त्व वाटतं. एकशे अठरा प्रश्न आम्ही विचारले, पण मनातलं जे होतं ते लोकांनी त्या शेवटच्या दोन ओळींत सांगितलं. ओळी पुरल्या नाहीत म्हणून मुलगी समासात लिहायची, मग पाठीमागे. धानोऱ्याच्या वाटेवरच्या त्या म्हातारीकडे आम्ही नवा कागद घेऊन पुन्हा गेलो. सात शेळ्या सात म्हणून लिहिल्या गेल्या. सगळं झाल्यावर ती म्हणाली, "आता एक मी इचारू का, बाबू?"

"विचारा ना, आजी."

"हे समदं लिवून झालं. मंग सुई केवा येते?"

हा एकशे एकोणिसावा प्रश्न डॉक्टरांनी स्वतः इंग्रजीत केला आणि आहे तसा पाठवून दिला. त्याच्या भाषांतराला कोणाचीच गरज पडली नाही, उलट करून बघायचीही नाही. उत्तर अजून यायचं आहे. ते आलं की त्याचं झाडीबोलीत भाषांतर करायला मी तयार बसलो आहे. शब्दाला दरही मागणार नाही.